शांत पाण्यात एनोक

माझा नवरा एनोक वादळाला कधी भ्याला नाही. भ्याला तो शांत पाण्याला. हसू नका! आमच्या ग्रीनलंडच्या खाडीत या भीतीला वेगळं नाव आहे, आणि ते शिकाऱ्यासमोर कुणी तोंडातून काढत नाही.

जुन्या माणसांचा नियम एकच: वारा पडला, पाणी तेलासारखं सपाट झालं, ऊन डोळ्यांवर आलं, की वल्हं थांबवायचं नाही. थांबलात की वर कुठलं, खाली कुठलं कळेनासं होतं. कयाकचं, आमच्या एकट्याच्या अरुंद होडीचं, टोक बुडतंय, कमरेपर्यंत गार पाणी चढतंय असं वाटतं आणि माणूस जागच्या जागी थिजतो. हे भूत एकदा मानगुटीवर बसलं की बहुतेकांची कयाक किनाऱ्यावरच्या फळीवर कायमची चढते, पुन्हा पाण्यात उतरत नाही. माझ्या बापाची तशीच चढली.

सीलच्या कातड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा एनोकने बाहेरदेशच्या पाहुण्यांना कयाकमधून फिरवायचं काम धरलं. हिमनदीच्या तोंडाशी न्यायचं आणि बर्फाशी घुटमळणारे सील, कड्यावरचे कुरव पक्षी, नशिबात असला तर देवमासा दाखवायचा. आता सील बघायचा तर हलून कसं चालेल? वल्हं मांडीवर ठेवून गप्प बसायचं.

"अरे, असा बसत जाऊ नकोस," मी बजावलं होतं. "माझ्या बापाचं काय झालं विसरलास?"

"मला बोलावतातच बसायला, बिबियाने. वल्हं मारलं तर सील पळतो, आणि सील पळाला तर पाहुणे."

जुलैत एका दुपारी पाहुण्यांनीच त्याला परत आणलं. दोघांनी दोन्ही बाजूंनी त्याची कयाक धरली होती. एक बाई सांगत होती, सील जवळ आला, सगळे फोटो काढायला लागले आणि हा पांढराफटक पडला.

"पोटात कळ आली," एनोक मला म्हणाला. मेल्या, माझ्याशी खोटं! त्याची पँट कोरडी ठणठणीत होती, तरी तो पुन्हा पुन्हा मांड्या चाचपून बघत होता.

त्यानंतर तो वारा असला तरच निघायचा. दुकानापाशी आमचा शेजारी गेर्थ ओरडायचा, "एनोक, आज फार शांत आहे रे! घरात बसून मोजे विण!"

"तुझ्या तोंडात वारा भरपूर आहे, तूच फुंकर घाल!" मी म्हणायचे. एनोक मान खाली घालून पुढे जायचा. त्याचा राग यायचा मला, आणि जीवही तुटायचा.

ऑगस्ट संपता संपता तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर. एकदाच. नाही जमलं तर हे काम सोडतो."

मी पाहुण्यांची रुंद कयाक घेतली. हिमनदीसमोर वारा पडला. त्याने मुद्दाम वल्हं मांडीवर ठेवलं. मी माझी कयाक त्याच्या अगदी लगत आणली.

तेवढ्यात सील वर आला. मिशांवरून पाणी ठिबकत होतं, नाकपुड्या उघडत होत्या, मिटत होत्या. त्याच्या श्वासाचा मासळीचा वास आला इतका जवळ. काय देखणा होता! मी सगळं विसरले.

"एनोक, बघ ना!"

एनोकने डोळे घट्ट मिटले होते. दोन्ही हातांनी माझ्या कयाकची कड आवळली होती.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"लहान आहे. पाठीवर गोल गोल कड्यांची नक्षी आहे."

"काय करतोय?"

"तुझ्याकडे बघतोय."

तो म्हणाला, "मला घरी ने."

दोरीने दोन्ही कयाक बांधून मी त्याला ओढत आणलं. वाटेत लांबवर देवमाशाने फुत्कार टाकला. त्याने डोळे उघडले नाहीत.

किनाऱ्यावर चार माणसं होती, त्यांत गेर्थ. म्हटलं, आता हा काहीतरी टोमणा मारणार; माझं उत्तर जिभेवर तयार होतं. तो गुडघाभर पाण्यात आला, एनोकच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि हळूच म्हणाला, "सावकाश, दादा. पायाखाली दगड आहेत."

तेव्हा मला रडू फुटलं.