शारदा दिसेपर्यंत

सिरसाळ्याच्या मंगल कार्यालयात आम्ही खिडक्यांना ताडपत्र्या बांधत होतो, तेवढ्यात गयाबाई येऊन पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसली. आमच्या गल्लीतली ही ऊसतोड बाई कुणाच्या बारशालाही वेळेवर यायची नाही. गावातल्या पोरांनी भरवलेल्या चित्रपट महोत्सवाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर.

"गुरुजी, ऊसतोडीचा पिक्चर कवा हाय?"

"शेवटचा आहे मावशी, संध्याकाळी. तोवर घरी जाऊन या."

"कावून? जागा गेली मंजी?"

तिची घाई मला ठाऊक होती. गावातल्या दोन पोरांनी गेल्या हंगामात तिच्या टोळीत राहून तो चित्रपट काढला होता आणि त्यात तिची लेक शारदा दिसते, असं तिच्या कानावर आलं होतं. पोरं परतली आणि थोड्याच दिवसांत शारदा डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेली ओली फळी चढताना पडली, ती गेलीच. तिचे फोटो होते ते नवऱ्याच्या मोबाईलमध्ये. त्यानं दुसरं लग्न केलं आणि मोबाईलही बदलला.

"आदी तिचं नाक आठवंना झालं," गयाबाई मला म्हणाली होती, "आता डोळंबी निसटाय लागलेत."

गयाबाईही आता नाही, पण तिची जीभ गाव विसरलेलं नाही. "ऊस आन माणूस बुडात हात घातल्याबिगर कळत न्हाई," असं म्हणत ती मुकादमालाही सोलून काढायची. त्या दिवशी पडद्यावरच्या माणसांनाही तिनं सोडलं नाही. शहरातलं एक जोडपं बराच वेळ भांडत राहिलं, तर ही मोठ्यानं म्हणाली, "एवढ्या येळात चार भाकरी झाल्या असत्या." सगळे हसले. दुपारी बाहेर खिचडी वाढली, तरी ती जागची हलली नाही.

"उठले आन तेवढ्यात ती येऊन गेली, तर?"

संध्याकाळी एकदाचा तो चित्रपट लागला. फड, धुकं, कोयत्यांचे आवाज, आणि मग शारदा. डोक्यावर मोळी, पाठ आमच्याकडे. ती फळी चढली, मोळी ट्रकमध्ये टाकली, आणि आता वळणार तोच दृश्य बदललं.

"तीच हाय," गयाबाई म्हणाली. "पाय तिचाच हाय."

पोरांनी तेवढा भाग पुन्हा लावला. पुन्हा पाठच. बाकीचं चित्रीकरण जागा अपुरी पडली म्हणून पुसून टाकलं होतं. ते सांगताना पोरांना मान वर करवेना.

"अजून एकदा लावा," म्हणत गयाबाई उठली आणि पडद्यामागे गेली. पूर्वी जत्रेतल्या तंबूत बाप्ये पुढून आणि बाया पडद्यामागून सिनेमा बघायच्या. तिनंही लहानपणी तसाच पाहिलेला. इकडून पाठ दिसते, म्हणजे तिकडून तोंड दिसणार, असं तिनं धरलं होतं. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. पडद्याखाली तिची भेगाळलेली पावलं तेवढी दिसत होती आणि वर शारदा फळी चढत होती. मला तिकडं बघवेना.

दृश्य संपलं तरी ती लवकर बाहेर आली नाही. आली, ती पदर सारखा करत माझ्यापाशी थांबली.

"गुरुजी," ती म्हणाली, "तिकडूनबी ती जातानाच दिसती."