हवालदाराच्या गालांचं मलम

गल्लीत तिला सगळे राणीमाशी म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, ही गोष्ट वेगळी. गच्चीवर सात मधपेट्या आणि खाली एक नवरा, दोन्हींवर तिचाच हुकूम चाले. नवरा ट्रॅफिक हवालदार. बावीस वर्षं एकाच चौकात उभं राहून त्याचे गाल असे भाजले होते की दाढी करताना तो आईला हाका मारायचा. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, महिन्याभरात कातडी सुधारली नाही तर उन्हातली ड्युटी बंद. म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये टेबलाचं काम. नुसतं नाव काढलं तरी तो ताट सारून उठायचा.

डॉक्टरांनी दिलेलं सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यांत उतरायचं. डोळे चोळता चोळता त्याने एकदा ट्रक आणि शाळेची बस दोन्हींना एकदम सोडलं. तेव्हापासून ती ट्यूब कपाटात पडून होती.

"औषध मेणात बसवलं की ओघळणार नाही," राणीमाशी म्हणाली आणि पदर खोचला. पोळ्याचं मेण गरम पाण्यावर वितळवून दोनदा गाळलं, खोबरेल घातलं, औषधाच्या दुकानातून ऊन अडवणारी जस्ताची पांढरी पूड आणून घोटली. माश्या पेटीच्या फटी ज्या डिंकाने बुजवतात, तोही चिमूटभर टाकला.

हवालदाराने आरसा पाहिला. "अगं, मी चौकात उभा राहणार आहे, नाटकात नाही!"

"गप लावा. टोपीही कपाळावर ओढा."

तीन आठवडे मलम जागचं हललं नाही; खालची कातडी कशी आहे तेही दिसेना. तक्रार एकच, वासाची. सहकारी म्हणे वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहायचे. म्हणून नव्या डबीत तिने हाताशी होतं ते गवती चहाचं तेल ओतलं, चांगलं चमचाभर. खरं तर हेच तेल ती रिकाम्या पेटीत दोन थेंब चोळायची, म्हणजे घर शोधत फिरणारा माश्यांचा थवा आपणहून आत येतो. एवढी शहाणी बाई, पण नवऱ्याच्या काळजीत नेमकं तेच विसरली.

दुसऱ्या दिवशी अकराला चौकातल्या पंक्चरवाल्याचा फोन आला. "वहिनी, पेटी घेऊन या. साहेबांना दाढी आलीये, आणि ती हलतेय!"

रिकामी पेटी उचलून ती जाळीची टोपीसुद्धा न घेता धावली. चौकात हवालदार खांबासारखा उभा, कानापासून छातीपर्यंत माश्याच माश्या. चारी बाजूंची वाहनं मुकाट थांबलेली. बावीस वर्षांत असा मान त्याला कधी मिळाला नव्हता. आणि आजच बदलीचा कागद घेऊन आलेले मोठे साहेब जीपच्या काचा लावून आत बसलेले.

तिने पेटी उघडून त्याच्या छातीशी टेकवली. "हलू नका हो, मी आलेय," एवढंच ती म्हणाली. हलक्या ब्रशने तिने माश्या पेटीत उतरवायला सुरुवात केली. राणी आत गेली तशा बाकीच्याही मागोमाग गेल्या.

साहेबांनी बोटभर काच खाली केली. "हवालदार, आता तरी टेबलावर बसता का?"

मिशीवर अजून दोन माश्या होत्या. ओठ न हलवता तो म्हणाला, "नाही साहेब."

तिने त्या दोन्ही झटकल्या, ओल्या रुमालाने मलम पुसलं आणि तिला रडूच कोसळलं. "अहो, गाल! गाल बरे झालेत!"

साहेब खाली उतरले. त्यांनी ते गाल दोन्ही बाजूंनी निरखले, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि स्वतःच्या उन्हाने सोललेल्या टकलावरून हात फिरवत हळूच विचारलं, "वहिनी, यातलं बिनमाश्यांचं मिळेल का?"