बेटावर कोण जाणार

कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईला कामावर आणि घरी सगळेच ताई म्हणत. सव्वीस वर्षं मेणात दात रोवून तिचा हात बसला होता. तोंड मात्र फारसं चालत नसे. त्यामुळेच बेटावरच्या सहलीचं सगळं तिच्या गळ्यात पडलं.

टूम काढली धाकट्या भावाने. थंडीतही उबदार हवा, पांढरी वाळू, उथळ निळं पाणी. बाकीचं ताईने बघायचं. ताईने बघितलं. जेवणाच्या सुट्टीत, नखांतलं प्लास्टर काढत, ती ठिकठिकाणी फोन करत राहिली. वडिलांची चाकांची खुर्ची थेट वाळूपर्यंत जाईल अशी उतरण असलेली जागा तिने शोधली. तिथल्या मालकिणीला दाराची रुंदीसुद्धा मोजायला लावली.

निघायला आठवडा उरला तेव्हा भाऊ-वहिनी घरी आले. बेटावर कोणी कुठल्या खोलीत राहायचं, ते ठरत होतं. भाऊ सहज म्हणाला, "बाबांना एवढी दगदग झेपायची नाही. तू थांब त्यांच्याजवळ. तुला तशीही कुठे हौस आहे?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हौस आहे का, हे आई गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

"मग ते दार मी कोणासाठी मोजून घेतलं?" तिने विचारलं.

भाऊ म्हणाला, उगाच आवाज चढवू नकोस. तेवढ्यात आतल्या खोलीतून वडील स्वतःच खुर्ची ढकलत आले. उभा जन्म लेथवर काढलेला माणूस. बोलायचे तेही मोजूनमापून.

"मला बोट लागते. मी जाणार नव्हतोच," ते म्हणाले. "पण मला मुलगाही आहे. चार दिवस तो राहील."

आता ताईचा राग त्यांच्याकडे वळला. तीन आठवडे गप्प का बसलात, असं तिने फाडकन विचारलं. म्हातारा खाली बघत म्हणाला, तू एवढी मन लावून करत होतीस, सांगवेना. त्यावर ती आणखीच चिडली.

भावाने ऑफिसची अडचण पुढे केली. वहिनी म्हणाली, "रजा तर काढलेलीच आहे."

ताई, वहिनी आणि दोघी भाच्या गेल्या. समुद्र होता तसाच सुंदर होता. पहिले दोन दिवस ताई गुडघाभर पाण्यात उभी राहून मनातल्या मनात भांडत होती. वहिनी म्हणाली, आता सोडून द्या. ताई म्हणाली, नाही सोडणार. आणि मग दोघी बराच वेळ पोहल्या.

परतल्यावर दार भावाने उघडलं. दाढी वाढलेली, कंबर धरलेली. बाबांना उचलताना किती त्रास होतो, हे तो सांगू लागला. ताईने बॅग खाली ठेवली.

"महिन्यातून एक शनिवार-रविवार तुझा," ती म्हणाली.

तो बरं म्हणाला. तिचा राग काही उतरला नव्हता.