बुद्धप्रियाचं अर्थिंग

बुद्धप्रिया सर्वगोड आठवी ते दहावी माझ्या वर्गात होती. दुसरं बाक, खिडकीकडची बाजू. एकदा हजेरी घेताना घाईत मी नुसतं "प्रिया" म्हटलं, तर ती उठलीच नाही. पुन्हा हाक मारली, शेजारणीनं कोपरानं ढोसलं, तेव्हा उभी राहून म्हणाली, "बाई, वर्गात प्रिया नावाचं कुणी नाही." त्यात उद्धटपणा नव्हता. हजेरीपटावर काय लिहिलंय ते तिनं मला सांगितलं, एवढंच. पुढं मी कधी तिचं नाव अर्धं घेतलं नाही.

आज होटगी रस्त्याला तिचं पत्र्याचं शेड आहे आणि दारावर पाटी आहे, 'बुद्धप्रिया इंजिन ट्यूनिंग'. पाटी रंगवणाऱ्यानं आपलेपणानंच सुचवलं होतं, "मॅडम, नुसतं प्रिया टाकू का? सगळ्या प्रकारची गिऱ्हाइकं येतील." ती म्हणाली, "नाव मावत नसेल तर पाटी मोठी घ्या." पाटी मोठीच आहे. एसटीच्या खिडकीतूनही वाचता येते.

तिच्याकडे हौशी लोकांच्या शर्यतीच्या गाड्या येतात. हे लोक एखादी जुनी गाडी घेतात आणि इंजिनाची ताकद वाढवायला टर्बो बसवतात. मग कंपनीनं दिलेला इंजिनाचा कंप्युटर, त्याला ईसीयू म्हणतात, तो या नव्या ताकदीला पुरत नाही. तो काढून बाहेरचा बसवावा लागतो. बाहेरचा ईसीयू कोऱ्या पाटीसारखा येतो. किती हवा आत गेली तर किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे शेकडो चौकटींच्या तक्त्यात आकड्यांनी भरायचं असतं. त्या तक्त्याला मॅप म्हणतात. थोडे आकडे चुकले तर गाडी आचके देते, जास्त चुकले तर इंजिन जातं.

हे काम ती पुण्यात शिकली. इथल्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून एका गॅरेजात लागली आणि सहा वर्षं राहिली. मॅप ती भरायची आणि मालक त्याला स्वतःच्या पासवर्डचं कुलूप लावायचा. गाडी जिंकली की फोटोत मालक. एकदा एका गाडीतला दोष काढायला ती बसली, तर स्वतःच भरलेला तक्ता तिला उघडेना, कारण मालक परगावी आणि फोन बंद. पुढच्या महिन्यात ती सोलापूरला परत आली. तिच्या कुठल्याच मॅपला कुलूप नसतं. मी म्हटलं, "अगं, चोरतील की." ती म्हणाली, "चोरू द्या बाई. चोरायच्या निमित्तानं वाचतील तरी."

कामाची शिस्त मात्र पुण्याची नाही, वडिलांची आहे. हणमंतराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात फिटर होते, बरीच वर्षं होटगीला. लहानपणी बुद्धप्रिया त्यांचा डबा घेऊन जायची आणि तिथंच रेंगाळायची. प्रत्येक वायरीला पांढरी चिंधी बांधून तिच्यावर नंबर घालायचा आणि तो वहीत उतरवायचा, ही त्यांची पद्धत. "सिग्नल खोटं बोलत न्हाय. खोटं बोलती ती वायर," असं ते म्हणायचे, "आन् वायर खोटं बोलाय लागली की पयलं अर्थिंग बघायचं."

म्हणून गाडी आली की पहिला तासभर बुद्धप्रिया लॅपटॉप उघडतच नाही. बॅटरीपासून सुरुवात करून एकेक अर्थिंग तपासते, चिंध्या बांधते, नंबर घालते. आलेला हौशी माणूस घड्याळ बघत बसतो. बाहेरच्या ईसीयूला हवेचा दाब, हवेचं तापमान, पाण्याचं तापमान सांगणारे जे सेन्सर असतात, त्यांचं अर्थिंग गाडीच्या पत्र्याला जोडलेलं तिला चालत नाही. ते वेगळ्या वायरीनं थेट ईसीयूपर्यंत परत गेलं पाहिजे. दिसायला ते गबाळं दिसतं. झाकण उघडलं की इंजिनावर चिंध्याच चिंध्या.

गेल्या वर्षीची गोष्ट. सोलापुरात गाड्यांच्या शौकिनांचं एक मंडळ आहे. त्याचे प्रमुख वीरभद्रप्पा, स्पेअर पार्टचं मोठं दुकान असलेले, साठीचे, मनानं चांगले, पण भांडण म्हटलं की घाम फुटणारे. मंडळातल्या बहुतेक गाड्या बुद्धप्रियाच करायची. अद्वैत नावाच्या एका तरुण वकिलाची लाल गाडी तिनं जानेवारीत तयार करून दिली होती. एप्रिलच्या शेवटी तुळजापूर रस्त्याकडच्या माळावर सराव चालू असताना त्या गाडीचं इंजिन गेलं. उघडलं तर दोन पिस्टनच्या कडा तुटलेल्या.

त्याच संध्याकाळी अद्वैतनं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'सर्वगोडच्या ट्यूनिंगनं इंजिन खाल्लं. आपापलं बघा.' खाली कुमार नावाच्या दुसऱ्या हौशी गड्यानं भर घातली, 'म्हणून म्हणतो, ज्याचं काम त्यानंच करावं.'

बुद्धप्रियानं कुमारला फोन लावला. "हे कुणाचं काम असतं, कुमार?"

"तसं नाही गं, जनरल म्हणलो."

"जनरल म्हणजे कुणाचं?"

त्यानं नेटवर्कला दोष देऊन फोन ठेवला.

दोन दिवसांनी वीरभद्रप्पा शेडवर आले. खिशात टाइप केलेला कागद होता. 'माझ्याकडून अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे,' एवढाच मजकूर. तिला ते लाडानं तंगी म्हणतात, कानडीत धाकटी बहीण. म्हणाले, "हे बघ तंगी, सही करून टाक. मी ग्रुपवर टाकतो, विषय संपला. न्हाय तर पोरं म्हणतेत, मंडळाची एक बी गाडी तुझ्याकडं यायची न्हाय."

"काका, माझी चूक असती तर तुम्हाला कागद टाइप करावा लागला नसता. मीच आले असते."

"मग कुणाची चूक?"

"गाडी बघितल्याशिवाय मी कुणाचं नाव घेत नाही. त्यांनी घेतलं."

वीरभद्रप्पा गेल्यावर कागद टेबलावर तसाच राहिला. हणमंतराव तेव्हा शेडमध्येच होते. निवृत्तीनंतर ते रोज तिथं येऊन बसतात. हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं, मुलीचा धंदा जाईल या भीतीनं ते तिला मिटवून टाक म्हणाले असतील. नंतर त्यांनीच मला सांगितलं, त्या दिवशी ते तिला काय म्हणाले.

"मी एकदा केली हुती असली सही. सिग्नल बंद पडलाता. चूक माजी न्हवती. सायेब म्हनले, कागदापुरतं करा हणमंत."

"मग काय झालं त्यानं?"

"काय न्हाय झालं. एक पगारवाढ गेली. ती बी इसरलो. सही तेवढी इसरत न्हाय."

बुद्धप्रियानं कागद घडी करून पाकिटात घातला आणि वीरभद्रप्पांना परत पाठवला. सोबत निरोप होता. गाडी तपासायची, पण तिच्या शेडमध्ये नाही, कारण उद्या कुणी म्हणेल तिनं आत काहीतरी केलं. वीरभद्रप्पांच्या दुकानामागच्या अंगणात, रविवारी, ज्यांनी ज्यांनी ग्रुपवर लिहिलं त्या सगळ्यांसमोर.

मे महिन्यातला तो रविवार. हणमंतरावांनी मला फोन केला होता, "बाई, तुमी या. मानसं लई हायती तिकडं." गेले. सकाळी साडेदहालाच अंगणातली फरशी चटके देत होती. लाल गाडी ओढून आणून उन्हात लावलेली, झाकण बंद. अद्वैत गॉगल लावून उभा. आठ-दहा जण सावली धरून. बुद्धप्रिया आली, गाडीपासून चार हात लांब उभी राहिली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मी गाडीला हात लावणार नाही," ती म्हणाली. "सगळं तुम्हीच करायचं."

कुमार म्हणाला, "इंजिन फुटलेलं आहे. तपासणार काय?"

"इंजिन लागणार नाही. बॅटरी आणि चावी पुरे. कुमार, लॅपटॉप तू जोड. मॅपला कुलूप नाही, तुला माहिती आहे. काका, तुम्ही तापमान मोजायची बंदूक घ्या, आणि पुढच्या जाळीतून हवेच्या पाइपावर जिथं सेन्सर बसलाय तिथं धरा. अद्वैत, चावी फिरव."

शाळेत प्रयोग करून घेताना मी मुलांना अशीच कामं वाटून द्यायची. तिथूनच उचललं असेल तिनं.

"काका, बंदूक काय म्हणते?"

"अठ्ठावन."

"कुमार, लॅपटॉपवर हवेचं तापमान?"

"सत्तावन."

"जमलं. आता अद्वैत, रेडिएटरचा पंखा चालू कर."

पंखा घोंगावला. कुमार स्क्रीनच्या आणखी जवळ वाकला.

"मोठ्यानं वाच."

"सदतीस."

"काका?"

वीरभद्रप्पांनी बंदूक पुन्हा धरली. "अठ्ठावनच हाय की."

"पंखा बंद कर. कुमार?"

"सत्तावन."

"चालू कर."

"सदतीस... छत्तीस."

आता सावलीतली माणसं उन्हात आली. बुद्धप्रियानं आवाज न चढवता समजावलं. हवा तापली की ईसीयूनं ठिणगी थोडी उशिरा पाडायची असते. वेळेआधी पाडली तर इंजिन आतून ठोके खातं आणि पिस्टनच्या कडा तुटतात. तसा हिशेब मॅपमध्ये भरलेला आहे, कुमारनं तो तक्ता उघडून सगळ्यांना दाखवावा. पण माळावर चाळीसच्या वर ऊन असताना, पंखा लागला की या ईसीयूला वाटत होतं बाहेर गारवा आहे.

"असं कशानं होतं?" कुणीतरी विचारलं.

मागून हणमंतरावच बोलले, "अर्थिंग. दुसरं काय असणार हाय?"

वीरभद्रप्पांनी झाकण उघडायला लावलं. आत एक चिंधी नव्हती. सगळं आतून चकचकीत लाल रंगवलेलं आणि वायरी कुठं दिसतच नव्हत्या, पत्र्यामागे दडवलेल्या. त्यांनी स्वतः सेन्सरच्या अर्थिंगची वायर बोटानं पकडून माग काढला. ती ईसीयूकडे जातच नव्हती. मध्येच तोडून बॉडीच्या एका बोल्टाला लावली होती. त्याच बोल्टाला पंख्याचं अर्थिंग होतं, आणि बोल्टाखाली नवा कोरा रंग. रंगावरून वीज धड जात नाही. पंख्याचा जोर आला की त्या बोल्टावर सगळा गोंधळ.

"हे कुणी केलं?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

अद्वैतनं गॉगल काढला. "वायरी... घाण दिसत होत्या. मार्चमध्ये फोटो काढायचे होते."

फोटो सगळ्यांनी पाहिले होते. ग्रुपवर ते अजूनही होते, खाली कुमारचाच शेरा, 'एक नंबर भावा, आता वाटते शर्यतीची गाडी.' कुमार लॅपटॉप मिटून तो कुठं ठेवावा ते शोधू लागला.

वीरभद्रप्पांचा जीव भांड्यात पडला. "चला, मिटलं. चहा सांगा रे सगळ्यांना."

"मिटलं नाही काका," बुद्धप्रिया म्हणाली. "जे लिहिलंय ते अजून तिथंच आहे."

अद्वैतनं उभ्याउभ्या फोन काढून टाइप केलं. सगळ्यांचे फोन वाजले. 'गैरसमज झाला होता.'

तिनं वाचलं आणि विचारलं, "कुणाचा गैरसमज? माझा झाला होता का?"

ती चहा न घेता वडिलांना गाडीवर बसवून निघून गेली.

नंतर महिनाभर मंडळाची एकही गाडी होटगी रस्त्याला फिरकली नाही. कुणाला वाटलं, पोरगी फारच ताठ आहे. वीरभद्रप्पांनी मला दुकानात गाठून सांगितलं, "बाई, तुमची विद्यार्थिनी हाय, जरा समजावा की. त्यानं लिव्हलं न्हवं एकदा?" मी म्हटलं, ती दहावीत असतानासुद्धा तिला समजावणं मला जमलं नव्हतं, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. त्या महिन्यात ती लातूरच्या आणि विजयपूरच्या गाड्या करत होती. शेडमध्ये गेले की आधीसारखीच दिसायची, गुडघ्यावर वही, दातांत चिंधी. फक्त फोन वाजला की आधी स्क्रीन बघायची. पूर्वी ती तशी बघत नसे.

जूनच्या शेवटी एका सकाळी ग्रुपवर अद्वैतचा मजकूर आला. तो मला हणमंतरावांनी वाचून दाखवला, दोनदा. 'सेन्सरचं अर्थिंग मी तोडलं. इंजिन माझ्यामुळं गेलं. बुद्धप्रिया सर्वगोड यांचा मॅप बरोबर होता. मी त्यांच्याबद्दल जे लिहिलं ते चूक होतं.' खाली कुमारनं काहीच लिहिलं नव्हतं. पण त्यानं आपला 'ज्याचं काम त्यानंच करावं' हा शेरा तिचा फोन आला त्या रात्रीच, चोरासारखा, पुसून टाकला होता.

चार दिवसांनी नवं इंजिन बसवलेली लाल गाडी शेडच्या दारात आली. अद्वैत उतरला आणि दारातच उभा राहिला.

"घेशील का गाडी?"

"घेईन. अर्थिंग तू करायचंस. मी बघणार."

"मी? मी वकील आहे गं."

"तोडताना नव्हतास?"

हणमंतराव हसले आणि चिंध्यांची पिशवी त्याच्यापुढं सरकवली. वकिलानं बाह्या सारल्या. पॉलिश पेपर घेऊन बोल्टाखालचा लाल रंग घासला, खालचा पांढरा पत्रा दिसेपर्यंत. सेन्सरच्या वायरी एकेक करून ईसीयूपर्यंत नेल्या. एक चुकली, ती बुद्धप्रियानं न बोलता बोटानं दाखवली. प्रत्येक वायरीला चिंधी बांधली आणि नंबर घातला. आठ आकडा त्याला चिंधीवर नीट काढता येईना, तो तिनं दुसऱ्यांदा काढायला लावला. दुपारचे दोन वाजले. झाकणाखाली पुन्हा तेच गबाळं दिसायला लागलं.

मग तिनं लॅपटॉप उघडला. इंजिन सुरू झालं, आधी जरा खोकलं, मग एका लयीत आलं. अद्वैत तिच्या खांद्यामागून स्क्रीन बघत होता. हवेचं तापमान सेहेचाळीस. पाणी तापत गेलं, काटा वर चढला, आणि खाडकन रेडिएटरचा पंखा लागला. शेडचा पत्रा थरथरला.

सेहेचाळीस. आकडा तिथंच होता.