टर्की कुणाच्या दारी

ओआहाकाच्या डोंगरातल्या त्या गावात पोट चोळावं तर फिलोमेनानेच. चाळीस वर्षं तिने गावातल्या बायकांची पोटं चोळली, सरकलेली गर्भाशयं जागेवर बसवली, आणि बरी झालेली बाई मोबदला म्हणून टर्की कोंबडी काखोटीला मारून तिच्या दारी येई. रीतच होती ती.

मग दवाखान्यात डॉक्टर हिमेना आली, सोनोग्राफीचं यंत्र घेऊन. टर्क्या आता फिलोमेनाच्या दारावरून पुढे जाऊ लागल्या. उंबऱ्यात बसून ती त्या बघायची आणि जळून खाक व्हायची.

"यंत्र बघतं म्हणे पोटात! मग हिला हात दिलेत कशाला? टर्की धरायला?"

त्यात सुनेचं, इदालियाचं, ओटीपोट डावीकडे दुखू लागलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, अजून मूल नव्हतं.

"आई, डॉक्टरीणबाईंना दाखवू का?"

"फिलोमेनाची सून तिच्या दारात? गावात माझं हसं करायचंय? पड आडवी."

बोटांखाली संत्र्याएवढी गोल गाठ सटकली. हे गर्भाशय नव्हे, आणि असलं काही लागलं तर हात काढून घ्यायचा, हे फिलोमेनाला तिच्या आईने शिकवलं होतं. तरी ती चोळत राहिली. हात काढला तर पोरगी हिमेनाकडे जाणार, हे काही तिला सोसेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी इदालिया कळवळत, ओकत दवाखान्यात पोचली. हिमेनाने यंत्र लावलं, तडक तिला शहरातल्या इस्पितळात नेलं आणि स्वतः ऑपरेशन केलं.

"गाठ साधीच होती," संध्याकाळी ती खाटेपाशी येऊन म्हणाली. "पण तिच्यामुळे बीजांडकोशाला पीळ बसला होता. पीळ सोडवला, नुसती गाठ काढली, बीजांडकोश राखलाय. मूल होईल गं तुला. आणखी उशीर झाला असता तर तो काढावाच लागला असता. पोट चोळलं होतं का कुणी?"

मागोमाग आलेली फिलोमेना भिंतीपाशी उभी होती.

"छे," इदालिया सासूकडे न बघता म्हणाली. "कुणी हातसुद्धा लावला नाही."

इतकी वर्षं टर्क्यांवरून जळणाऱ्या फिलोमेनाला आता आपल्याच सुनेचा हेवा वाटला. एवढं मोठं मन दाखवणं तिला कधी जमलं नव्हतं.

"मी चोळलं," ती हिमेनाला म्हणाली. "गाठ हाताला लागली होती माझ्या. तुला टर्की मिळू नये म्हणून चोळलं."