कपारीतला दगड परगावी जातो

आमच्या प्रयोगशाळेत दगडातलं अब्जात एक भाग असलेलं मूलद्रव्यही सापडतं. किस्से मात्र टेम्पोभर! जर्मनीत शिकताना मी ठरवलं होतं, परत यायचं आणि आपल्या नगर जिल्ह्यातले हजारो वर्षांपूर्वीचे दुष्काळ शोधायचे. दुष्काळ सापडायला वेळ लागतोय. किस्से पहिल्याच दिवशी सापडले.

*

पोपटमामा आमची जीप चालवतात. निघण्याआधी माझी सहकारी राहेल हिने त्यांना नियम सांगितले. "मामा, दगडाच्या नमुन्याजवळ येताना डोक्याला तेल नको, अंगठी नको, पावडर नको. आणि कुणी कुणाला शिवायचं नाही."

मामांनी हळूच टोपी काढली. "कोन गेलं?"

*

पारनेरकडच्या एका कपारीत देवीचं ठाणं आहे. तिथे छतातून पाणी ठिबकून चुन्याचे खांब झालेत, थरावर थर. पाऊस कमी पडला की थरात मॅग्नेशियम वाढतं. एक तुकडा तुटून पडला होता, तो आम्ही मागितला.

पूजा करणाऱ्या अनुसयाबाई म्हणाल्या, "न्या. पन देवीचा हाय. परत आनायचा!"

"नक्की!" मी छातीठोकपणे म्हटलं.

जीपमध्ये बसल्यावर राहेलने मला चिमटा काढला. "अगं बाई, तो दळायचाय आपल्याला!"

*

त्याच गावात पारावर मी अर्धा तास तळमळून बोलले. हवामान, इतिहास, आपली जबाबदारी, सगळं! शेवटी म्हणाले, "हजारो वर्षांपूर्वी इथे भयंकर दुष्काळ पडला असावा!"

मग मागून एक आजोबा म्हणाले, "त्याचं अनुदान कुनी उचललं?"

*

रिपोर्ट आला. दगडात शिसंच शिसं! मी नाचायचीच बाकी होते. "राहेल, त्या काळी इथे धातू वितळवत असणार!" लेखाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

राहेलने शांतपणे मामांना फोन लावला. "मामा, दगडाला कुणी हात लावला होता का?"

"छ्या! सुतक पाळावं तसं पाळलं. अनुसयाबाईंनी शेंदूर लावला, तेवढंच. देव परगावी चालला, मोकळ्या कपाळानं कसा जाईल?"

शेंदरात शिसं असतं. दगडावरची लाली मी लोहाची समजले होते!

*

नमुना बाद. दुसरा तुकडा मिळाला नाही, तर सगळं कामच बंद पडणार होतं. आणि पहिला परत द्यायचं वचन डबीत होतं, भुगा होऊन!

गावापर्यंत मी माफीचं भाषण पाठ करत होते. मामा म्हणाले, "तुमी जा आत. मी गाडी चालूच ठिवतो."

अनुसयाबाईंनी डबी उघडली. मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी चिमूटभर भुगा उचलला आणि माझ्या कपाळाला लावला. मग राहेलच्या. मग हाक मारून मामांच्या.

"अंगारा ब्येस हाय," त्या म्हणाल्या. "पन येवढ्यानं काय हुतंय? गाव लई मोठं हाय."

आत जाऊन त्यांनी स्वतःच दुसरा तुकडा आणला, पहिल्यापेक्षा मोठा. "ह्यो न्या. आसाच बारीक दळून आना. जरा थांबा..." आणि त्यांनी शेंदराची वाटी पुढे ओढली.

राहेलने माझा हात घट्ट धरला.

पोपटमामांनी झटकन टोपी काढली.

"मावशे, नको! दगडाला सुतक हाय!"