टवकारलेले कान

नालबंदानं आयुष्यभर घोडे पाहिले ते गुडघ्याच्या खाली. वाकायचं, घोड्याचा पाय उचलून आपल्या मांड्यांत धरायचा, झिजलेला नाल काढायचा, खूर कानशीनं सारखा करायचा आणि नवा नाल ठोकायचा. वरचा घोडा तांबडा आहे की काळा, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसे. एखादा घोडा समोरून आला तर ओळख पटायला वेळ लागायचा, पाय हातात घेतला की लगेच, "अच्छा, तू होय!" अशा माणसाची कंबर गेली. डॉक्टरांनी वाकायला साफ बंदी केली. त्यानं हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलली आणि खिडकीपाशी जाऊन बसला, तो बसलाच. बायकोशी धड बोलेना, ताट समोर आलं की चिवडत राही. घरात माणूस असून नसल्यासारखा झाला.

बायकोनं हे सगळं लेकीच्या कानावर घातलं. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. पुढच्या सुट्टीत ती आली ती नवाकोरा कॅमेरा घेऊनच.

"बाबा, घोड्यांचे फोटो काढा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"घोड्यांतलं कळतं ना? बाकीचं मी शिकवते."

"ह्या वयात हे खेळणं घेऊन फिरू?"

"फिरा की," आतून बायको म्हणाली. "निदान खिडकीतून तरी उठाल."

तो कॅमेरा गळ्यात अडकवून तबेल्यात गेला. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका बाईंचा हा तबेला. तिथल्या प्रत्येक घोड्याला वर्षानुवर्षं त्यानंच नाल ठोकले होते. दिवसभर फोटो काढून संध्याकाळी त्यानं ते लेकीला पाठवले. लगेच तिचा फोन आला.

"बाबा, घोडा कुठाय?"

"हा काय! चारही पाय आलेत."

"पायच आलेत! सगळ्या फोटोंत नुसते पाय!"

लेक हसून हसून बेजार झाली. तो आधी चिडला, मग त्यालाही हसू फुटलं. कंबर गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

मग तो शिकायला लागला. जवळ जाऊन फोटो काढला की घोड्याचं डोकं ढोलाएवढं येतं आणि मागचा भाग शेळीचा वाटतो, म्हणून लांब उभं राहून लेन्स पुढे ओढायची. ऊन घोड्याच्या पाठीमागे असलं की सगळा घोडा काळा ठिक्कर पडतो. घोडा मान हलवतोच, तेव्हा शटरचा वेग जास्त ठेवायचा. कॅमेरा हवा घोड्याच्या पोटाच्या उंचीवर. उभ्यानं काढला की पाय आखूड येतात. आता आली का पंचाईत! वाकायला तर बंदी. त्यानं एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून फोटो काढू लागला. हे सगळं जमत आलं, पण कानांपाशी घोडं पेंड खाऊ लागलं. लेक म्हणायची, कान पुढे टवकारलेले नसतील तर घोडा एकतर झोपलेला दिसतो, नाहीतर रागावलेला. बाकीचे घोडे चाऱ्याचा डबा वाजवला की कान टवकारत. आत्याबाई मात्र दाद देत नव्हती.

आत्याबाई म्हणजे तबेल्यातली करडी घोडी. सगळ्यांवर रुबाब करायची, म्हणून हे नाव. तिचा डावा डोळा गेलेला होता. फार पूर्वी डोळ्याला संसर्ग झाला, तो वरून बरा झाला पण नजर गेली. डोळा दिसायला अगदी धड, पाणीदार. आत उजेड नाही. डोळ्याचं काम तिचा डावा कान करायचा. तो कायम बाजूला वळलेला असे, कोण येतंय, काय हलतंय ते टिपत. म्हणून त्या तबेल्यात एक रीत पडली होती. आत्याबाईच्या डाव्या बाजूनं जायचं तर काहीतरी बोलत जायचं. "आलो गं आत्याबाई," एवढंही पुरे. नव्यानं शिकायला येणाऱ्या मुलांना खोगीर घालायच्या आधी हे शिकवलं जाई. नालबंद तर तिच्या पायाशी बसून घरातल्या सगळ्या कुरबुरी तिला सांगायचा. बायकोपेक्षा जास्त त्या घोडीनं ऐकलं असेल.

तर फोटोत आत्याबाईचा एक कान पुढे आणि एक बाजूला. "ही नेहमी कशावर तरी संशय घेतल्यासारखी का दिसते?" लेकीनं विचारलं. त्यानं ते हसण्यावारी नेलं.

त्या सुमारास तबेल्याच्या बाईंना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, त्या अंथरुणाला खिळल्या. कारभार बघायला त्यांचा भाचा आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घोड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि लवकरात लवकर मोकळं व्हायचं होतं. तबेला बंद करायचा, घोडे विकायचे. घोड्यांची निगा राखणारा जुना मोतद्दार आधीच काम सोडून गेला होता. नवा मोतद्दार "आलो गं आत्याबाई" म्हणायचा, कारण सगळे म्हणायचे. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक आहे असा नालबंद तेवढा उरला.

"काका, तुम्ही फोटो काढता ना?" भाचा म्हणाला. "सगळ्यांचे चांगले फोटो काढून द्या. इंटरनेटवर टाकतो. चांगली घरं मिळाली तर बरंच. जे राहतील ते महिनाअखेर व्यापाऱ्याचा ट्रक घेऊन जाईल."

तो ट्रक कुठे जातो हे तबेल्यात कुणी तोंडानं बोलत नसे. तिकडून घोडा परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

भाचा हातात कागद घेऊन एकेका घोड्यापुढे थांबत होता. आत्याबाईपाशी आल्यावर त्यानं विचारलं, "हिच्यात काही खोट?"

आंधळी म्हटलं की ट्रक. हे नालबंदाला जितकं स्वच्छ दिसत होतं तितकं काहीच दिसत नव्हतं.

"पायांत काही खोट नाही," तो म्हणाला.

ते खरंच होतं. भाच्यानं कागदावर खूण केली आणि तो पुढे गेला.

आत्याबाईचा फोटो नालबंदानं सगळ्यांत शेवटी काढला. सकाळचं ऊन कोवळं होतं. मोतद्दार दोर धरून बाजूला उभा राहिला. नालबंद समोर पालथ्या बादलीवर बसला. डबा वाजवून झाला, चारा दाखवून झाला. डावा कान ढिम्म हलेना. शेवटी त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि नेहमीसारखा बोलायला लागला.

"हे बघ आत्याबाई, इथलं आपलं दाणापाणी संपलं. कंबर माझी गेली, आता बाईंची वाचा गेली. तुला जायला लागणार गं. कुठल्या का घरी होईना, पण ट्रकमध्ये नाही. मला तेवढं करू दे."

इतकी वर्षं तो आवाज तिला खालून, पायांपाशी ऐकू यायचा. आज तो समोरून आला. तिनं मान उंचावली आणि दोन्ही कान त्याच्याकडे वळवले. दोन्ही. त्यानं बटण दाबलं.

असा फोटो त्यानं आधी कधी काढला नव्हता, नंतरही काढला नाही. घोडी अशी उभी की वाटावं, जग बघायला निघालीय. लेक फोनवर ओरडलीच, "बाबा, जमलं! आता झालात तुम्ही फोटोग्राफर!" त्याला मनापासून आनंद झाला. रात्री जेवताना त्यानं दोनदा वाढून घेतलं, आणि बायको नुसती बघत राहिली.

आत्याबाई सगळ्यांत आधी गेली. लांबच्या एका कुटुंबानं फोटो पाहूनच तिला पसंत केलं. बारा वर्षांची मुलगी, तिच्यासाठी पहिलाच घोडा. गाडी न्यायला आली तेव्हा नालबंद मुद्दाम हजर राहिला. "डाव्या बाजूनं जाताना हिच्याशी बोलत राहायचं, बरं का. तिकडच्यांनाही सांगा," त्यानं ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "काय बोलू, हवापाण्याच्या गप्पा?" आणि हसत दार लावून निघून गेला.

नालबंदानं भाच्याकडून त्या घरचा नंबर घेतला. फोन लावला. मुलीनंच उचलला. त्यानं आपण कोण ते सांगितलं.

"तुम्ही काढला ना तो फोटो? मी माझ्या खोलीत लावलाय! ती इतकी गोड आहे! माझं सगळं ऐकते!"

"हो का? वा," तो म्हणाला. "बाबा आहेत का घरी?"

"बोलावू?"

बापाला सांगितलं तर तो घोडी परत पाठवणार. ट्रक अजून यायचा होता.

"नको, राहू दे. सहज केला होता," म्हणून त्यानं फोन ठेवला. ट्रक जाऊ दे, मग सांगू. ट्रक आला, राहिलेले तीन घोडे घेऊन गेला. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, की आता ती तिथे रुळली असेल, आता उगाच कशाला त्या लोकांच्या मनात किल्मिष? रोज सकाळी वाटायचं, आज सांगून टाकू. दुपारपर्यंत ते विरून जायचं. कॅमेरा तो अधूनमधून पुसून ठेवायचा, पण फोटो काढायला घोडेच उरले नव्हते.

असेच काही आठवडे गेले. एका दुपारी त्या बापाचा फोन आला. आवाज शांत, दमलेला.

"नालबंद काका ना? घरच्या फोनमध्ये तुमचा नंबर सापडला. एक वाईट बातमी आहे. तुमची ती घोडी गेली."

"काय झालं?"

"अंगणात डुलकी घेत उभी होती. मुलगी हळूच पाय न वाजवता गेली, डावीकडून गळ्यात हात टाकायला. घोडी अशी दचकली की पाय फाटकाच्या गजांत अडकला आणि मोडला. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन देण्यावाचून इलाज नाही."

"कुठला पाय?"

"मागचा उजवा."

तो खूर नालबंदाच्या हाताला पाठ होता. किंचित बाहेर झुकलेला; बाहेरच्या बाजूला नाल जरा जाड ठेवावा लागायचा. तो फोन कानाला लावून तसाच पलंगावर टेकला.

"मुलीला लागलं नाही ना?"

"नाही. पण ती काही खात नाही. म्हणते, माझ्यामुळे मेली." बाप पुढे सांगू लागला. "डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, डावा डोळा केव्हाचाच गेलेला होता. आम्ही नवखे, आम्हाला कुठून कळणार? आणि तुम्हाला तरी काय बोल लावायचा? डोळा अगदी धड दिसायचा. तुम्हालाही फोटो काढताना कळलं नसेल."

त्यानं ते अगदी चांगुलपणानं म्हटलं. लांबच्या त्या घरात एक मुलगी ताटापुढे बसून होती. तिला कुणी तरी सांगायला हवं होतं की बाळा, तुझी काही चूक नाही, त्या घोडीशी बोलत जायचं असतं हे तुला कुणी सांगितलंच नाही. सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

"नाही," नालबंद म्हणाला. "नाही कळलं."

"तेच म्हटलं मी घरात. बरं, एक विनंती होती. तो फोटो मुलीला मोठा करून हवाय. मूळ प्रत पाठवाल का?"

"पाठवतो."

फोन ठेवला तेव्हा बायको ओले हात पदराला पुसत दारात आली.

"कोणाचा फोन होता?"

"त्या घोडीच्या घरचा. फोटो मोठा करून हवाय म्हणाले."

"अगंबाई!" तिचा चेहरा फुलला. "बघा, लोक तुमचे फोटो मागून घ्यायला लागले. मग बसलात काय? पाठवा की!"

त्यानं चष्मा लावला, फोटो शोधला आणि पाठवून दिला.